दुसरी गाडी



विषय कळवला त्याच दिवशी संयोजकांचा फोन आला. म्हणाले, ‘सर, ही इतिहासाची व्याख्यानमाला आहे, आणि तुम्ही विषय लिहिलाय ‘घरातली दुसरी गाडी’. टाइप करताना काही चुकलं का?’ (हशा) चुकलं नाही. आम्हाला आज घरापासून कामाच्या जागेपर्यंतच्या चार किलोमीटरांचा इतिहास सांगायचा आहे. लांबच्या प्रवासांचा इतिहास भरपूर लिहिला गेलाय. दिल्लीहून दौलताबादला राजधानी कोणी हलवली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण याच गावातला माणूस रोज सकाळी कामावर कसा जायचा, त्यात त्याचा किती वेळ आणि किती पैसा जायचा, आणि त्याची बायको कशी जायची, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. इतिहासाच्या घरात आम्ही पाहुणे. पण घरच्यांना रोजची म्हणून न दिसणारी जळमटं कधीकधी पाहुण्यालाच दिसतात.

निमित्त घरगुतीच आहे, ते आधी सांगून टाकतो. आम्ही सिडकोत राहतो. चिरंजीव शेंद्र्याला कारखान्यात अधिकारी. सूनबाईंचं ऑफिस जालना रोडवर, घरापासून बरोबर चार किलोमीटर. घरात दोन गाड्या. पहिली शेंद्र्याला जायची, दुसरी सूनबाईंच्या ऑफिसला. या दुसरीला सहा वर्षं झाली, कर्ज फिटलं, आणि कर्ज फिटलं की माणसाला नवी गाडी घ्यावीशी वाटते तशी ती चिरंजीवांना वाटली. आम्ही म्हटलं, चार किलोमीटरांसाठी आठ लाखांचं यंत्र कशाला? त्यावरून घरात जी चर्चा झाली तिच्यात आम्ही हरलो. कसे हरलो ते शेवटी सांगू, कारण ते समजायला आधी या शहराचा इतिहास लागतो.

मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसवली. पुढे औरंगजेबाच्या काळात तटबंदी झाली, दरवाजे आले. तटाच्या आतलं सगळं शहर पायाने चालणाऱ्याच्या मापाचं होतं. दिल्ली दरवाज्यातून आत शिरलात आणि पैठण गेटने बाहेर पडलात, तरी पाऊण तासाच्या वर चालावं लागत नाही. विणकर, कागदी, सराफ, ज्याचं त्याचं दुकान घराच्या ओट्यावर, नाहीतर पुढच्या गल्लीत. कामाला ‘जाणं’ ही क्रियाच फारशी नव्हती. वाहन होतं ते मानाचं किंवा ओझ्याचं. पालखी, घोडा, हत्ती मानासाठी; बैलगाडी, गाढव ओझ्यासाठी. कामावर जाण्यासाठी वाहन ही कल्पना या शहराला अगदी अलीकडची आहे. मकई गेटमधून आज तुम्ही गाडी काढता तेव्हा समोरून दुसरी आली की कोणीतरी मागे सरकतं, हॉर्न वाजतात, लोक त्या दरवाज्याला शिव्या देतात. दरवाजा हत्ती जाईल एवढा उंच आहे हो! फक्त रोज सकाळी दहा वाजता एकाच वेळी हजार हत्ती येतील, असं बांधणाऱ्याच्या मनात आलं नसावं. (हशा)

एकोणिसाव्या शतकात वेरूळ पाहायला येणारा साहेब नांदगाव स्टेशनवर उतरून टांग्याने यायचा. १९०० च्या सुमारास मनमाडहून निघालेली निजामाची गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज रेल्वे आली. स्टेशन शहराच्या दक्षिणेला, तटाच्या बऱ्याच बाहेर पडलं, आणि स्टेशन ते शहर हे अंतर तोडायला टांगेवाल्यांचा धंदा उभा राहिला. पुढे १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने सत्तावीस बसगाड्या आणि १६६ माणसं घेऊन रस्त्यावरची प्रवासी वाहतूक सुरू केली. आपल्याला एसटीचा वाढदिवस माहीत असतो, १ जून १९४८, पुणे-अहमदनगर. पण हैदराबाद संस्थानात सरकारी बस त्याच्या सोळा वर्षं आधी धावत होती. निजामाच्या राजवटीबद्दल आमच्या पिढीने जे भोगलं-ऐकलं ते विसरण्यासारखं नाही. तरी ही एक गोष्ट खरी, की लांबचा प्रवास सगळ्यांनी मिळून करायचा असतो आणि त्याची सोय सरकारने करायची असते, हे मराठवाड्याच्या अंगवळणी लवकर पडलं.

आता लक्षात घ्या, आम्ही ‘लांबचा’ म्हणालो. हा शब्द पुढे लागणार आहे.

१९५० मध्ये बाबासाहेबांचं मिलिंद महाविद्यालय सुरू झालं, १९५८ मध्ये विद्यापीठ. दोन्ही जुन्या शहराच्या बाहेर. पहिल्यांदाच हजारो माणसांना रोज तटाबाहेर जाऊन परत यायची गरज पडली, आणि ती भागवली सायकलने. आम्ही सत्तरच्या दशकात विद्यापीठात शिकलो. बेगमपुऱ्याच्या चढावर सायकल हातात धरून चालणाऱ्या पोरांची रांग असायची. कित्येकांची सायकल स्वतःची नसायची. तासावर भाड्याने मिळायची, दोघांत एक घ्यायची, चढ आला की मागच्याने उतरायचं. अंधार पडल्यावर दिवा नसला तर पोलीस हवा सोडून द्यायचा. आमच्या एका मित्राने पुढच्या दांडीला मेणबत्ती चिकटवली होती. पोलिसाने ती विझवली आणि मग दिवा नाही म्हणून पकडलं. (हशा) न्यायशास्त्रात याला काय म्हणतात ते आम्ही पुढे बरीच वर्षं शिकवलं.

या सायकलच्या गर्दीत मुली फार थोड्या होत्या. वर्गात होत्या, रस्त्यावर नव्हत्या. त्या चालत यायच्या, तिघी-चौघी मिळून, किंवा घरचं कोणी सोडायला यायचं. चार किलोमीटर मुलासाठी पंधरा-वीस मिनिटांचे होते, मुलीसाठी तासाचे. अंतर तेच. एकाच रस्त्याची दोन मापं होती, आणि आम्हाला तेव्हा ते खटकलंही नाही.

१९७४ चं मराठवाडा विकास आंदोलन इथे बसलेल्यांपैकी काहींना आठवत असेल. वसमतला गोळीबार झाला, पोरं रस्त्यावर आली, गोविंदभाई श्रॉफांसारखी माणसं पाठीशी उभी राहिली. नोकऱ्या, उद्योग, सिंचन या मागण्यांत रुंदमापी रेल्वेची मागणी अगदी वर होती. ब्रॉडगेज! आम्हीही घोषणा दिल्यात. ती मागणी पुढे कित्येक वर्षं रेटली गेली आणि नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आली. हा मराठवाड्याच्या एकजुटीचा खरा विजय आहे, त्याबद्दल आम्हाला अभिमान आहे. पण आज मागे बघताना एक गोष्ट दिसते. सिकंदराबादला जायच्या सोयीसाठी आपण रस्त्यावर आलो. गुलमंडीहून स्टेशनला जायच्या सोयीसाठी कधी आलो नाही. सिटीबससाठी या शहरात मोठं आंदोलन झाल्याचं आम्हाला आठवत नाही. लांबचा प्रवास ही समाजाची बाब, जवळचा प्रवास ज्याची त्याची खासगी बाब, अशी वाटणी आपण न बोलता करून टाकली.

आणि नेमक्या त्याच वर्षांत जवळचा प्रवास लांबत चालला होता. सिडकोने १९७२ नंतर नवं औरंगाबाद आखायला घेतलं. आमचं घर त्यातलंच. या वसाहतींतल्या छोट्या रो-हाउसेसचा नकाशा नीट पाहा. समोर एवढंसं अंगण, त्यात तुळस आणि सायकल मावेल, फार तर स्कूटर. पुढची गल्ली अरुंद. आखणाऱ्याने गृहीत धरलं होतं, की इथला माणूस सायकलवर जाईल, बसने जाईल, चालेल. आज त्याच गल्लीत प्रत्येक दारापुढे एक गाडी, काही दारांपुढे दोन. अंगणात न मावलेली गाडी रस्त्यावर, आणि रस्त्यावर पोरांनी खेळायचं नाही कारण गाडीला बॉल लागतो.

दुसरीकडे एमआयडीसी. आधी स्टेशनजवळ, मग चिकलठाणा, मग वाळूज, नंतर शेंद्रा. प्रत्येक पाऊल शहरापासून लांब. १९८५ मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि शहराची सकाळ बदलली. पहाटे पाच-साडेपाचला चौकाचौकात डबा घेऊन उभी असलेली माणसं आणि एकामागून एक येणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या, हे दृश्य तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आमच्या मते कंपनी बस ही या शहराच्या वाहतुकीतली सगळ्यात यशस्वी संस्था आहे. वेळेवर येते, भरून जाते, माणसामागे खर्च थोडा. मात्र तिची एक अट आहे. तुम्ही लांब कामाला जात असलात आणि तुमची कंपनी मोठी असली, तरच ती तुमच्यासाठी येते. गल्लीतल्या दुकानात, शाळेत, बँकेत, दवाखान्यात जाणाऱ्यासाठी ती नाही. आणि शहरातल्या या जवळच्या नोकऱ्या कोण करतं? शिक्षिका, नर्स, बँकेतल्या, ऑफिसातल्या बायका. घर सांभाळून नोकरी करायची म्हणून ज्यांनी जवळची नोकरी धरली त्या. त्यांच्यासाठी समाजाने केलेली सोय शून्य.

ती सोय त्यांच्यासाठी एका यंत्राने केली. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये लूना आणली. तिला पन्नास सीसीचं इंजिन, वर पायडल. पेट्रोल संपलं तर सायकलसारखी मारत न्या. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय बाईच्या इतिहासात आम्ही लूनाला एखाद्या कायद्याइतकं महत्त्व देतो. आमच्या सौ. औरंगपुऱ्यात शाळेत शिकवायच्या. आम्ही चेतकसाठी नंबर लावून बसलो होतो. तेव्हा चेतक पैसे असले म्हणून मिळत नसे, नंबर यावा लागे. नंबर आला, चेतक आली, ती आमची. ती सकाळी चालू होईना की एका बाजूला आडवी करायची, पुन्हा किक मारायची, हा विधी शेजारीपाजारी सगळे बघायचे. पुढे १९८३ मध्ये लूना आली, ती सौ.ची. घरात बोलताना आम्ही म्हणायचो, ‘गाडी बाहेर काढतो’, म्हणजे चेतक. लूनाला गाडी म्हणत नव्हतो. ती ‘हिची लूना’. पाहिलंत? दुसरी गाडी आमच्या घरात तेव्हाच आली होती. दळण, भाजी, पोराची शाळा, आईचा दवाखाना, सगळं लूनावर व्हायचं. आणि चेतक आम्हाला विद्यापीठात नेऊन दिवसभर झाडाखाली उभी राहायची.

कायनेटिक होंडा, स्कूटी, अ‍ॅक्टिव्हा ही सगळी पुढची पिढी. दुपट्टा डोक्या-तोंडाला घट्ट गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून स्कूटर चालवणारी मुलगी हे आपल्या शहराचं चित्र झालं. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना त्याचं नवल वाटतं. ऊन, धूळ आणि नजर, या तिघांपासून एकाच कापडाने बचाव. त्यावर अजून कोणी प्रबंध कसा लिहिला नाही, कोण जाणे.

मग मोटारी. २००१ मध्ये श्कोडाचं शेंद्र्याचं काम सुरू झालं, म्हणजे दुचाकी बनवणारं आपलं शहर चारचाकीही जुळवू लागलं. आणि ऑक्टोबर २०१० मध्ये ती प्रसिद्ध घटना घडली. इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या. सुमारे पासष्ट कोटींचा व्यवहार, स्टेट बँकेचं कर्ज, आणि व्याज सात टक्क्यांच्या आसपास. देशभर बातमी झाली. पी. साईनाथांनी ‘द हिंदू’त लिहून दाखवलं, की याच जिल्ह्यात शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जाला याच्या कितीतरी वर व्याज पडतं. त्या लेखाने अनेकजण दुखावले. आम्हाला त्यातलं व्याजाचं वास्तव जितकं टोचलं तितकंच दुसरंही एक टोचलं. दीडशे माणसं एकत्र आली, घासाघीस केली, बँकेला आणि एका परदेशी कंपनीला नमवलं. एकजुटीची ही ताकद आपल्यात आहे! मागास म्हणवून घ्यायचा कंटाळा आला होता, आम्हीही काही आहोत हे दाखवायचं होतं, हे आम्ही समजू शकतो. मराठवाड्याच्या माणसाला ते समजतं. पुढे २०२२ च्या सुमारास अशाच एकत्रित खरेदीतून अडीचशेच्या आसपास विजेच्या मोटारी आल्या. तेही आम्ही चांगलंच मानतो, धूर कमी झाला. पण मर्सिडीज असो की विजेची, एकत्र येऊन आपण घेतलं काय, तर प्रत्येकाने आपापलं स्वतंत्र बसायचं वाहन.

सिटीबसचं काय झालं, ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार थोडं आहे. एसटीने चालवली, महापालिकेने ठेकेदारामार्फत चालवून पाहिली, ती बंद पडली, परत एसटीकडे गेली. जानेवारी २०१९ पासून स्मार्ट सिटीची ‘माझी बस’ आली. बस चांगली आहे, आम्ही तिने जातो. चालक-वाहक नीट बोलतात. गैरसोय एकच, बस कधी येणार याचा भरवसा धरून घड्याळ लावता येत नाही, आणि नोकरीवर जाणाऱ्या माणसाला नेमकं तेच हवं असतं. पाहुण्याला पाणचक्की दाखवायला अर्धा तास थांबणं वेगळं, आणि नऊ पंचावन्नला हजेरीचं बोट मशीनवर ठेवायचं असताना थांबणं वेगळं.

आता घरी येऊ. आमची बाजू आम्ही हिशेब मांडून सिद्ध करणार होतो. जेवणाच्या टेबलावर वही घेतली. गाडी आठ लाखांना घेतली, सहा वर्षांनी साडेतीन लाखांना मागतात. म्हणजे महिन्याला सव्वासहा हजार नुसते किंमत उतरण्यात गेले. कर्जाचं व्याज सहा वर्षांवर पसरलं तर महिना दोन हजार. विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून दोन हजार. पेट्रोल अठराशे. एकूण बारा हजार. जाऊन-येऊन रोज आठ किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे दोनशे किलोमीटर. किलोमीटरला साठ रुपये! रोज दोन्ही वेळा अख्खी रिक्षा केली, शंभर रुपये एका फेरीचे धरले, तरी महिन्याला पाच हजार होतात. विजेची स्कूटर घेतली तर तिची किंमत सहा वर्षांवर वाटून, विमा, वीज सगळं धरून दोन हजारांच्या आसपास.

एवढ्यावर थांबलो असतो तर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक कसले! आम्ही इव्हान इलिच काढला. त्याने १९७४ मध्ये ‘एनर्जी अँड इक्विटी’ या छोट्या पुस्तकात एक हिशेब मांडला होता. अमेरिकन माणूस वर्षाला सोळाशे तास मोटारीला देतो. चालवण्यात देतो, आणि तिचे हप्ते, पेट्रोल, विमा यांचे पैसे कमावण्यातही देतो. एवढे तास घालून तो साडेसात हजार मैल जातो. म्हणजे त्याचा खरा वेग ताशी पाच मैलांहूनही कमी. तोच हिशेब आम्ही सूनबाईंना लावला. हातात येणारा पगार पंचेचाळीस हजार, कामाचे तास दोनशे, म्हणजे तासाला सव्वादोनशे रुपये. गाडीचे बारा हजार कमवायला त्रेपन्न तास. वर प्रत्येक फेरीला वीस मिनिटं, पन्नास फेऱ्या, सतरा तास. सत्तर तासांत दोनशे किलोमीटर. ताशी तीन किलोमीटरसुद्धा नाहीत! आम्ही विजयी मुद्रेने म्हटलं, ‘बघ, तू एसी लावून चालत्या माणसापेक्षा हळू जातेस.’

सूनबाईंनी वही ओढून घेतली, आकडे तपासले. त्या स्वतः हिशेबाच्या खात्यात आहेत. म्हणाल्या, ‘बाबा, गणित बरोबर आहे. पण हे गणित तुम्ही माझ्याच गाडीचं का केलं? ती दुसरी आहे हे कोणी ठरवलं?’

आम्ही गप्प. खरंच, कोणी ठरवलं? दुसरी म्हणजे नंतर घेतलेली, असं उत्तर आम्ही देऊ शकलो असतो. पण ते खोटं ठरलं असतं, कारण पहिली गाडी मधे एकदा बदलली होती, म्हणजे घरात नंतर आलेली तीच होती. तरी ती पहिलीच राहिली. क्रमवाचक विशेषण आपण दर्जावाचक म्हणून वापरत होतो, आणि व्याकरणाची ही साधी चूक चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवणाऱ्याला दिसली नव्हती. लूनापासून चालत आलेली चूक.

मग त्यांनी सुचवलं, की महिनाभर दोन्ही गाड्यांची नोंद ठेवू. कुठे गेली, कोणासाठी गेली, किती वेळ चालली. आजच्या व्याख्यानाचं एकमेव अस्सल साधन म्हणजे ती वही. (हशा) त्यात काय निघालं? पहिली गाडी महिन्यात साडेआठशे किलोमीटर चालली, जवळजवळ सगळी शेंद्र्याला. आणि रोज नऊ-दहा तास कारखान्याच्या पार्किंगमध्ये उभी राहिली. दुसरी दोनशे किलोमीटर ऑफिसला गेली, आणि आणखी साठ किलोमीटर इतर कामांना. नातवाचा क्लास, भाजी, सौ.चे डोळ्यांचे डॉक्टर, आणि सगळ्यात जास्त वेळा आमच्या गुडघ्याची फिजिओथेरपी. म्हणजे ज्या गाडीला आम्ही चैन म्हणत होतो तिच्यातून आम्हीच फिरत होतो. ऑफिसचे चार किलोमीटर स्वस्तात कसे जायचे याला उत्तर होतं. या साठ किलोमीटरांचं काय, हा प्रश्न आमच्या हिशेबात आलाच नव्हता, कारण ते काम कोणी मोजतच नव्हतं.

आणि शेंद्र्याची कंपनी बस घरापासून दोनशे मीटरवर थांबते! चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, बसने वर्कर जातात.’ या वाक्यात सगळं आलं. पालखी मानाची आणि बैलगाडी ओझ्याची, तेव्हापासूनचं. सौ. आतापर्यंत काही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, ‘तुझे वडील चेतक झाडाखाली उभी करायचे, तू कारखान्यात उभी करतोस. गाडी घरी ठेव, आम्हाला लागते.’

तर निर्णय असा झाला. नवी गाडी घेतली नाही, जुनी दुसरी विकली. पहिली आता घरी असते. चिरंजीव आठवड्यातले चार दिवस कंपनी बसने जातात. सुरुवातीला तोंड पडलेलं असायचं. आता बसमध्ये झोप होते म्हणून खूश आहेत. सूनबाईंनी विजेची स्कूटर घेतली. मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत त्या रिक्षा करतात, आम्हाला न्यायचं असेल तर गाडी काढतात. महिन्याला आठ-नऊ हजार वाचतात.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण झालं ते सगळं सांगायला हवं. गेल्या पावसाळ्यात संध्याकाळी परतताना रस्त्यावरच्या पाण्यात खड्डा दिसला नाही आणि सूनबाई पडल्या. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. गुडघा फुटला, तीन टाके पडले, पंधरा दिवस घरी. त्या पंधरा दिवसांत आम्हाला झोप नीट लागली नाही. हिशेब आमचा आणि गुडघा त्यांचा. गाडीत असत्या तर नुसता धक्का बसला असता. आम्ही म्हटलं, ‘पुन्हा गाडी घेऊ, चूक आमची.’ त्या म्हणाल्या, ‘चूक तुमची नाही, खड्ड्याची आहे. खड्ड्यासाठी आठ लाख मी का देऊ?’ नंतर म्हणाल्या, ‘जालना रोडवर दर दहा मिनिटांनी बस असती ना बाबा, तर मला स्कूटरही नको होती.’

ब्रॉडगेज आणि दीडशे मर्सिडीज या दोन गोष्टी मघाशी एवढा वेळ घेऊन सांगितल्या त्या यासाठीच. आता पावसाळ्याचे तीन महिने सूनबाई आणि त्यांच्या ऑफिसातल्या पाच जणी मिळून एक रिक्षा लावतात. तीन बसतील एवढीच जागा, म्हणून ती दोन फेऱ्या करते. महिन्याचे पैसे ठरलेले, वेळ ठरलेली, रिक्षावाले काका एकदाही उशिरा आलेले नाहीत. कंपनी नसलेल्यांची ही कंपनी बस. आमच्या सिडकोतल्या गल्लीतून आता आणखी दोन घरं तिच्यात येऊ म्हणतायत, त्यामुळे दुसरी रिक्षा शोधणं चालू आहे.

संयोजक घड्याळ दाखवतायत. प्रश्न असतील तर विचारा, पण लवकर. सूनबाई साडेआठला खाली येणार आहेत, आणि स्कूटरवर मागे बसायला आम्हाला, या गुडघ्यांनी, थोडा वेळ लागतो.